गड्ड्यातून आणलेला टीव्ही गेम: हा डबा मुळात कुणी बनवला?

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत आईच्या माळ्यावर जुन्या चादरींच्या गठ्ठ्यामागे आमचा टीव्ही गेम सापडला. १९९७ च्या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत घेतलेला. बाबा तेव्हा एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर होते. अक्षता सोहळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मला आणि धाकट्याला होम मैदानावर घेऊन गेले. पाळण्यात बसायचं म्हणून आम्ही निघालो होतो. पाळण्यापर्यंत पोचलोच नाही, कारण वाटेत एका स्टॉलवर टीव्ही लावलेला होता आणि त्यावर मारिओ पळत होता. साडेसहाशे रुपये. बाबांनी खिशातले पैसे दोनदा मोजले ते मला अजून दिसतं.

डबा पांढरा-तांबडा आहे. दोन रिमोट, एक काळी बंदूक, एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलंय. डब्यावर कंपनीचं नाव कुठेच नाही. चालू केला तर लाल दिवा मिणमिणतो आणि विझतो.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याने हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, “बाबा, हा ओरिजिनल आहे की डुप्लिकेट?” मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं शाळेतून आल्यावर मी याच्यासमोर मांडी घालून बसलोय आणि हा कुणी बनवला ते मला ठाऊक नाही, याचं वाईट वाटलं. मारिओ निन्टेंडोचा एवढं माहीत आहे. मग यावर निन्टेंडो का लिहिलेलं नाही? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. आणि दुरुस्त होत असेल तर तेही सांगा.

रेल्वेलाईन्स_सोलापूर

हे सगळे डुप्लिकेट होते दादा. त्या काळी प्रत्येक गल्लीत एक असायचा, आमच्याकडेही होता. आता दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही, तेच गेम मोबाईलवर मिळतात. आठवण म्हणून ठेवायचा तर शोकेसमध्ये ठेवा, नाहीतर भंगारात द्या.

साखरपेठ_मेकॅनिक

रेल्वे लाईन्सवाल्या दादांना विनंती, भंगार म्हणायची घाई करू नका. मी १९९१ ते २०१४ साखर पेठेत टीव्ही आणि टेप दुरुस्त केले. त्यातली दहा-बारा वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत टेबलावर टीव्हीपेक्षा टीव्ही गेम जास्त असायचे. शेकडो उघडलेत. आतलं बघून मला जे कळलं आणि पुढे वाचून जे समजलं ते सांगतो. लांबेल, पण विषयच तसा आहे.

तुमचा डबा ज्याची नक्कल आहे, त्या यंत्राचं नाव फॅमिली कॉम्प्युटर. जपानी लोक त्याला फॅमिकॉम म्हणतात. १५ जुलै १९८३ ला ते जपानात विक्रीला आलं, किंमत १४,८०० येन. बनवणारी कंपनी क्योतो शहरातली निन्टेंडो. ही कंपनी १८८९ सालची आहे आणि सुरुवातीला पत्ते छापायची, फुलांची चित्रं असलेले हानाफुदा नावाचे जपानी पत्ते. १९८० च्या सुमारास तिचे अध्यक्ष होते हिरोशी यामाउची, संस्थापकाचे पणतू. त्यांनी आपल्या एका इंजिनिअरला सांगितलं की घरच्या टीव्हीला जोडता येईल आणि कॅसेट बदलून नवा गेम लावता येईल असं यंत्र करा. त्या इंजिनिअरचं नाव मासायुकी उएमुरा. तुमच्या मुलाला हे नाव आधी सांगा.

उएमुरा १९४३ साली जन्मले. निन्टेंडोत येण्याआधी ते हायाकावा इलेक्ट्रिक कंपनीत होते (तीच पुढे शार्प झाली) आणि प्रकाश पडला की वीज तयार होणारे सेल विकायचे. निन्टेंडोला खेळण्यातल्या बंदुकीसाठी तसे सेल हवे होते. तिथून ओळख झाली आणि ते निन्टेंडोतच आले. तुमच्या काळ्या बंदुकीचं मूळ तिथपर्यंत जातं.

यामाउचींनी यंत्र मागितलं खरं, पण ते स्वस्त हवं होतं, आणि अवघड काम तेच होतं. चांगली चिप महाग पडते. उएमुरा रिको कंपनीकडे गेले. तिचा चिपचा कारखाना तेव्हा पूर्ण क्षमतेने चालत नव्हता. दोन वर्षांत ३० लाख चिपा उचलू, अशी हमी निन्टेंडोने दिली, तेव्हा रिकोला भाव उतरवता आला. एकही यंत्र विकलं गेलेलं नसताना ३० लाखांची हमी! सोलापुरात कुणी नवीन डिझाइनच्या चादरीसाठी एवढं सूत आधीच उचललं असतं तर बाजारात त्याला वेड्यात काढलं असतं.

चिपचं हृदय नवीन नव्हतं. १९७५ साली अमेरिकेतल्या एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीत चक पेडल आणि त्यांच्या सोबत्यांनी ६५०२ नावाचा प्रोसेसर केला होता. बाकीच्यांचे प्रोसेसर शेकड्यांनी डॉलर पडत असताना त्यांनी तो २५ डॉलरला विकला. अ‍ॅपल २ संगणकातही तोच. रिकोने त्याचाच गाभा घेतला, न लागणारं दशमान आकडेमोडीचं काम बंद केलं आणि आवाज काढणारा भाग त्याच चिपमध्ये बसवला. शेजारी चित्र काढणारी दुसरी चिप. मेमरी किती, तर २ केबी कामासाठी आणि २ केबी चित्रासाठी. एवढ्यात सगळा मारिओ पळतो.

आता कॅसेटचं. माझे वडील जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडायचे. डिझायनर चौकटीच्या कागदावर मोर काढून द्यायचा. वडील तो कागद डोळ्यांनी ओळीओळीने वाचत पुठ्ठ्यावर भोकं पाडत जायचे. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. सगळी कार्डं दोऱ्यात ओवून साखळी केली आणि मागावर चढवली की मोर उतरायला लागतो. साखळी बदलली की त्याच मागावर कमळ. मी पहिल्यांदा गेमची कॅसेट उघडली तेव्हा वडील दुकानात बसले होते. आत फक्त पट्टी आणि चिपा बघून ते म्हणाले, “म्हणजे ही कार्डाची साखळी. माग तिकडे डब्यात.” मला त्याहून चांगलं समजावता आलेलं नाही. आणि तो चौकटीचा कागदसुद्धा दोन्हीकडे तोच होता. फॅमिकॉमचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांनी बनतं, आणि मारिओ करणारे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका आपली दुनिया चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखायचे. जागा वाचवायची म्हणून मारिओतला ढग आणि खालचं झुडूप एकाच आकाराचं ठेवलंय, रंग तेवढा बदललाय. पुन्हा बघा, दिसेल. १३ सप्टेंबर १९८५ ला आलेला तो सगळा गेम ४० केबीचा आहे.

रिमोटवरचं अधिकच्या चिन्हासारखं बटण गुनपेई योकोई यांचं. १९८२ साली हातात धरायच्या छोट्या डाँकी काँग गेमवर त्यांनी ते पहिल्यांदा लावलं. डब्याचा तांबडा रंगसुद्धा सहज आलेला नाही, तो यामाउचींच्या आवडीचा. तुमच्या बाबांनी गड्ड्यात साडेसहाशे मोजले तो रंग क्योतोतल्या एका माणसाने निवडला होता.

एक गोष्ट मेकॅनिक म्हणून मला फार मोठी वाटते. पहिल्या फॅमिकॉममध्ये बिघाड निघाले, काही गेममध्ये यंत्र अडकायचं. निन्टेंडोने विकलेली यंत्रं परत बोलावली आणि आतला बोर्ड बदलून दिला. माझ्याकडे वॉरंटीतले किती तरी टीव्ही आले ज्यांच्या कंपनीने फोनसुद्धा उचलला नाही, म्हणून याची किंमत मला कळते.

मग नक्कल कशी झाली? अमेरिकेत १९८५ साली हेच यंत्र एनईएस नावाने गेलं तेव्हा त्यात कुलपाची एक चिप घातली. परवानगी नसलेली कॅसेट लावली की यंत्र चालायचं नाही. जपानी फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हतं. कॅसेटच्या ६० पिनांवर कुणीही काहीही लावू शकत होतं. तैवानच्या यूएमसी कंपनीने रिकोच्या दोन्ही चिपांसारख्या चिपा काढल्या, निन्टेंडोला न विचारता. त्या चिपांवरचे डबे जगभर गेले. रशियात त्यांना डेंडी म्हणायचे. आपल्याकडे निन्टेंडोचं यंत्र समुराई या नावाने आलं होतं, पण गल्लीतल्या पोरांना परवडले ते हे बिननावाचे डबे.

तेव्हा तुमच्या मुलाला सांगा: डबा डुप्लिकेट आहे. आतलं डोकं उएमुरांचं आहे. जपानातली कॅसेट त्यात बसते आणि चालते, यापेक्षा वेगळा पुरावा नको.

दुरुस्तीचं. दिवा मिणमिणून विझतो म्हणजे बहुतेक करून अ‍ॅडॉप्टर किंवा ७८०५ रेग्युलेटर (आत येणारी वीज ५ व्होल्टवर आणणारा भाग). आधी अ‍ॅडॉप्टर मीटरवर तपासा, प्लस-मायनस कुठल्या बाजूला आहे तेही बघा. उलटं लावलेला अ‍ॅडॉप्टर हे या डब्यांचं मोठं दुखणं होतं. मग चार स्क्रू काढून आत चिपांवर काय छापलंय ते इथे लिहा.

रेल्वेलाईन्स_सोलापूर

काका, शब्द मागे घेतो. एवढं माहीत नव्हतं. कॅसेट चालली नाही की आम्ही तोंडाने फुंकर मारायचो, तेवढं एकच तंत्र आम्हाला यायचं.

साखरपेठ_मेकॅनिक

अख्ख्या जगात पोरांनी तेच केलं. पण फुंकरीने थुंकीची वाफ पिनांवर बसते आणि पुढे गंज धरतो. खुद्द निन्टेंडोही फुंकू नका असंच सांगायची. चालायची ती कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिना खोडरबराने हलक्या घासा, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

अक्कलकोट_रोड

काका, तुमचा लेख मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी जकार्डचा भाग दोनदा वाचायला लावला. ते स्वतः त्या मागांवर होते ना.

डबा उघडला. दोन लांब चिपा आहेत. एकीवर यूएमसी आणि यूए ६५२७पी, दुसरीवर यूए ६५३८. मुलाने भिंग घेऊन वाचलं. तुम्ही नाव आधीच लिहिलं होतं आणि ते तिथे निघालं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. अ‍ॅडॉप्टर मीटरवर ९ व्होल्टच्या जागी ४ दाखवतोय, म्हणजे तोच गेलाय.

अजून दोन शंका. कॅसेटवर ९९९९९९ गेम लिहिलेत, आम्हाला कधी सात-आठच्या वर वेगळे सापडले नाहीत. आणि बंदूक. शेजाऱ्यांकडे असलाच डबा चालू आहे, पण त्यांच्या नव्या एलईडी टीव्हीवर बदकं मारायच्या गेममध्ये बंदुकीने एकही बदक पडत नाही.

जुळे_सोलापूर_ते_पुणे

दादा, चिपचा नंबर वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करते, माहेर जुळे सोलापूर. ६५०२ ची भाषा मी कॉलेजात शिकले त्याचं कारण हाच डबा.

शेवटचा ‘पी’ महत्त्वाचा आहे. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला ५०. यूएमसीने ही चिप ५० वाल्या टीव्हीसाठी केली. आता गेमचं सगळं घड्याळ चित्रावर चालतं: एक चित्र झालं की मारिओ एवढा सरकवायचा, एक चित्र झालं की गाणं एवढं पुढे न्यायचं. त्यामुळे आपल्या डब्यावर सगळं सुमारे एक षष्ठांश संथ चालतं. कोजी कोंदो यांनी मारिओला दिलेलं संगीत जपानी मुलांनी ज्या लयीत ऐकलं त्यापेक्षा आपण विलंबित ऐकलं. सूर जवळपास तेच, लय धीमी. पहिल्यांदा मूळ वेगात ऐकलं तेव्हा मला वाटलं हे कुणीतरी पळवलंय. अजूनही मला आपलाच वेग बरोबर वाटतो, आणि तो चुकीचा आहे हे पटवून घ्यायची मला इच्छा नाही. काही नकली चिपांमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार अदलाबदलसुद्धा झालेत, म्हणून काही गेमचा आवाज थोडा वेगळ्या पोताचा येतो.

९९९९९९ चं म्हणाल तर कॅसेटमध्ये मोजकेच गेम असतात. यादीत तेच पुन्हा येतात, कधी दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारे, कधी वेगळ्या नावाने. आणि ते बहुतेक १९८४-८५ चे का असतात, तर ते लहान आहेत. आपण ज्याला टँक म्हणायचो तो नामको कंपनीचा बॅटल सिटी, १९८५ चा, फक्त २४ केबी. गाडीचा तो कोनामीचा रोड फायटर. मोटारसायकलचा निन्टेंडोचा एक्साइटबाइक. असे डझनभर एका स्वस्त चिपमध्ये मावायचे. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमची अमेरिकन आवृत्ती १२८ केबीची, म्हणून तो अशा कॅसेटमध्ये सहसा नसायचा. आमच्या गल्लीत कॉन्ट्राची कॅसेट एकाच मुलाकडे होती आणि ती भाड्याने मिळायची, तासाला दोन रुपये.

त्या कॉन्ट्रातल्या ३० जीवांच्या बटणांचा क्रम (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) काझुहिसा हाशिमोतो यांचा. ग्रॅडियस गेम ते फॅमिकॉमवर आणत होते, १९८६ साली. तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जायचा, म्हणून त्यांनी ही सोय आपल्यासाठी ठेवली आणि ती विकायच्या गेममध्ये राहून गेली. २०२० साली ते वारले. आमच्या गल्लीत तो क्रम वहीच्या मागच्या पानावर लिहून फिरायचा, कुठून आला ते कुणाला माहीत नव्हतं.

साखरपेठ_मेकॅनिक

ताई, विलंबित लयीचं मला आज कळलं. तेवीस वर्षं दुकानात रोज ऐकून कधी शंका आली नाही.

आता बंदुकीचं. गिऱ्हाइकांना वाटायचं बंदुकीतून काहीतरी किरण निघतो. काहीच निघत नाही. बंदूक फक्त बघते. नळीत पुढे भिंग, त्यामागे प्रकाश ओळखणारा सेल. घोडा दाबला की गेम एक क्षण सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्या क्षणी बदक होतं तिथे पांढरा चौकोन काढतो. आधी काळोख आणि लगेच उजेड, असं सेलला दिसलं तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन, एकापाठोपाठ एक. आधी काळोख बघायचा नियम आहे म्हणून बल्बकडे बंदूक रोखून काम होत नाही. आमच्या दुकानात सगळ्या पोरांनी करून बघितलंय.

यातला एकेक क्षण म्हणजे सेकंदाचा फक्त पन्नासावा हिस्सा. जुन्या काचेच्या टीव्हीवर डब्याने चित्र पाठवलं की त्याच क्षणी पडद्यावर. एलईडी टीव्ही आधी ते चित्र आत घेतो, त्यावर काम करतो, मग दाखवतो. चौकोन येईपर्यंत बंदुकीने बघून झालेलं असतं. शिवाय काचेच्या पडद्याचा जो भराभर लुकलुकणारा उजेड बंदूक ओळखते, तो एलईडीवर नसतो. तेव्हा शेजाऱ्यांची बंदूक चांगली आहे, टीव्ही चुकीचा आहे. तुमच्या बंदुकीसाठी काचेचा टीव्ही शोधा. अँटेनाच्या वायरीऐवजी डब्याच्या मागे एव्हीची पिवळी पिन असेल तर ती लावा, चित्र स्वच्छ येईल.

उएमुरा पुढे क्योतोच्या रित्सुमेकान विद्यापीठात शिकवायचे. ६ डिसेंबर २०२१ ला गेले. त्यांच्या यंत्राचे अधिकृत नगच ६ कोटी १९ लाखांच्या आसपास विकले गेले, आपल्या गल्लीतले डबे त्यात धरलेले नाहीत. बातमी वाचली त्या दिवशी मी कपाटातली माझी जुनी चिपांची डबी काढली. त्यात तीन ६५२७ आहेत, गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या डब्यांतल्या. लागली तर एक तुमची, पैसे नकोत.

अक्कलकोट_रोड

काका, ताई, डबा चालू झाला! नवी पेठेतून ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणला, प्लस-मायनस बघून घेतला. चिप शाबूत आहे, तुमची डबीतली राहू द्या. मामांकडे विडी घरकुलला काचेचा टीव्ही होता तो रिक्षात घालून आणला. मुलाने पहिल्या दिवशी चौदा बदकं पाडली. बाबा टँक खेळले. तीस वर्षांपूर्वी ते रात्रपाळीहून आल्यावर आम्ही झोपल्यानंतर एकटेच खेळायचे, हे आईने काल सांगितलं. आम्हाला दोघा भावांना कधीच कळलं नव्हतं.

एकच अडचण उरली. दुसऱ्या रिमोटचं बी बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नाही. आतलं रबर कुठे मिळेल?

साखरपेठ_मेकॅनिक

रबर शोधत फिरू नका, झिजलंय ते त्याखालचं काळं कार्बन. टीव्हीचा एखादा जुना रिमोट उघडा, कमी वापरातल्या बटणाखालची काळी टिकली ब्लेडने अलगद कापून घ्या आणि या बटणाखाली सिलिकॉनच्या थेंबाने चिकटवा. फेव्हिक्विक लावू नका, कडक होतं. रात्रभर सुकू द्या. बाबांना सांगा, सकाळपर्यंत एक नंबरचा रिमोट वापरा.